जत्रेचा शेवटचा तुकडा

लालासाहेबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सेलमला गलाईच्या भट्टीवर सोनं वितळवण्यात उमर गेली. तिथं ऊन चढायच्या आत मुशी तापवून मोकळं व्हावं लागे. आटपाडीकडच्या आपल्या गावी परतल्यावर भट्टी सुटली, चारचं उठणं सुटलं नाही. चहा करायचा, प्यायचा, आणि उजाडायची वाट बघत बसायचं.

गल्लीत बाकी सगळ्या दारांना कुलपं. माणसं गलाईला पांगलेली, कोण कोइमतूरला, कोण पाटण्याला. लालासाहेबाचा मुलगा शिवतेज लुधियानाला. आई वारल्यापासून त्याचा फोन सणासुदीलाच. जत्रेला बाकीचे आले, पालखी झाली की गेले. शिवतेज यंदा आलाच नाही.

कोइमतूरच्या पृथ्वीराजनं सबंध जत्रा कॅमेऱ्यात घेतली होती. ती एवढी मोठी झाली की मोबाईलवरून कुणाला पाठवता येईना. शिवतेजचा जुना संगणक लालासाहेबाच्या घरात होता. पृथ्वीराजनं जायच्या आधी त्यात एक प्रोग्रॅम घालून दिला.

"तात्या, पैरा ठाऊक हाय न्हवं?"

"मला इचारतूस व्हय रं?"

"मग झालं. आज समदी तुमच्या रानात, उद्या तुमी त्यांच्यात. हितं बी तसंच. जत्रंचं बारीक तुकडं केल्यात. एक मी तुमाला देणार, दुसरा पाटण्याला. मग तुमचा तुमी पाटण्याला द्यायचा, त्यांचा तुमी घ्यायचा. मधी मुकादम न्हाई."

"आन कुणी खोटा तुकडा सारला तर?"

"तुमी सोन्याचा कस बघत हुता, तसा ह्यो हर तुकड्याचा बघतो. खोटा निघाला की फेकतो आन दुसरीकडनं मागवतो. फकस्त संगणक चालू ठेवा. बंद केला की तुमचा बैल गोठ्यात."

लालासाहेबाला पटलं. पण रिकामी भट्टी पेटती ठेवायची त्याला कधी सवय नव्हती. चारला संगणक लावायचा, उजाडलं की बंद. बाकीचे पुढं गेले, हा निम्म्यावर राहिला.

मात्र पहाटे बाकीचे झोपलेले असत. जागे संगणक दोनच, पृथ्वीराजचा आणि ह्याचा. कुणालाच न मिळालेले तुकडे अशा एका पहाटे ह्याच्याकडं आले. त्याच दिवशी पृथ्वीराजच्या संगणकाची डिस्क गेली. कॅमेऱ्यातलं त्यानं आधीच पुसलं होतं. आणि इकडं संध्याकाळी वादळानं गावचे विजेचे खांब आडवे केले.

सगळीकडं जत्रा सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकली. उरलेली लालासाहेबाच्या अंधाऱ्या घरात.

फोन वाजायला लागला. तो लांबच्या वस्तीवर चालत जाऊन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून आणायचा. पाटण्याहून हरणाबाई म्हणाली, "आवं भावजी, आकडा तरी टाका की."

"खांबच न्हाई, तर आकडा काय आभाळाला टाकू?"

तिसऱ्या दिवशी शिवतेजचा फोन आला. त्याचीही जत्रा तिथंच अडकली होती.

"आबा, लाईट आली का?"

"न्हाई."

शिवतेजनं तरी फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, "जेवला का?"

"जेवलो. तू?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर रोज. एकदा शिवतेजनं गुडघ्याचंही विचारलं. लालासाहेब सांजेपासून फोन मांडीवर घेऊन बसायचा. खांब उभे करणारी माणसं गावात आली, तेव्हा त्याला वाटलं, ह्यांनी जरा सावकाश काम करावं.

एका दुपारी बल्ब लागला. लालासाहेब संगणकासमोर बसला, पण बटण दाबेना. लाईट आली हे लुधियानाला कोण सांगणार होतं? अजून चार दिवस "न्हाई" म्हणता आलं असतं.

पण आपल्या रानात सगळ्यांचे बैल फिरून गेल्यावर आपले बांधून ठेवणारा माणूस त्यानं पाहिला होता. त्याच्या बांधावर पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. लालासाहेबानं बटण दाबलं.

दिवेलागणीला सगळ्यांची जत्रा पुरी झाली. त्याचीही. मग पडद्यावर जोडलेले संगणक एकेक करून कमी होत गेले. शेवटी एकही राहिला नाही. फोन वाजला, तो पृथ्वीराजचा.

"तात्या, आता बंद केला तरी चालतंय."

"शिवतेजला मिळाली?"

"समद्यात आदी त्यालाच."

लालासाहेबानं एकट्यानं जत्रा बघितली. ढोल, गुलाल, पालखी. पालखीमागं तो स्वतःच चालला होता, शेजारी कुणी नव्हतं. संगणक त्यानं बंद केला नाही. कुणाचं काही पुसलं जाईल, कुणी पुन्हा मागेल.

शिवतेज बायकोला घेऊन राहायला येईल म्हणून माडीवर एक खोली काढायची होती. भट्टीसमोर घाम गाळून त्यासाठी त्यानं पगारातनं पैसे मागं टाकले होते. त्या आठवड्यात तो आटपाडीला गेला आणि त्या पैशांत इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन आला.