खल्फानचे तळवे

ओमानच्या वाळवंटातल्या त्या गावात भेंडी कधी उपटायची आणि गाजर कधी पेरायचं, हे म्हाताऱ्या खल्फानचे तळवे ठरवत. भर दुपारी तो वाफ्यात अनवाणी उभा राही. चटका बसेनासा झाला, की गाव पेरायला लागे.

यंदा तो सप्टेंबरातच म्हणाला, "पेरा, जमीन निवली." सगळ्यांचं बी मातीतच भाजून गेलं.

"म्हातारा चळला!" शेजारचा हमूद फणकारला.

खल्फान पुन्हा वाफ्यात जाऊन उभा राहिला. जमीन थंडच तर होती! दमून घरी येऊन तो ओट्यावर टेकला. पाय धुवायला आलेली त्याची बायको झुवैना थबकली. दोन्ही तळव्यांवर टपोरे फोड आले होते.

"अहो, एवढं पोळलं, आणि बोलला नाहीत?"

खल्फानने वाकून पाहिलं.

"कधी पोळलं?"