ओसाकातली शेवटची सकाळ
परवा फ्रँकफर्टच्या एका आशियाई दुकानात भाजलेल्या जपानी चहाचा वास आला आणि खोलीत रोज तोच चहा ठेवणारं ओसाकातलं ते हॉटेल मला आठवलं. ऑफिसच्या कामासाठी मी आठवडाभर तिथे जाणार होते. पुण्याहून माझ्याकडे जर्मनीला आलेल्या आईला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिलाही सोबत नेलं. खोली एवढीशी होती. दोन पलंगांमधून अंग चोरून जावं लागे. खोली आवरायला येणारी बाई आईच्याच वयाची होती. ती यायच्या आत आई चादरींच्या घड्या घालून ठेवी. "परक्या बाईनं आपलं अंथरूण का उचलावं?" असं तिचं म्हणणं. ती बाई कमरेत वाकून नमस्कार करी, मग आईही हात जोडी. शेवटच्या सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले, तेव्हा आई तिच्याशी चक्क मराठीत बोलत होती आणि ती मान हलवत ऐकत होती. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाई फार चांगल्या आहेत हो, माझं सगळं करतात. माझी मुलगी जर्मनीत असते, पण तिला कुठला वेळ?" मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. त्या बाईला शब्द कळले नसणार, पण माझा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. "चला, तुम्हाला चप्पल घालून देते," मी आईला म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं. आता आई नाही. 'अगं, मीच ती' एवढं तेव्हा का म्हटलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.