अकरा एकांचा आकडा

शालन गेल्याचा फोन तिच्या मुलीनं केला तेव्हा मी साताऱ्यात होते. वडूजला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. जमलेले लोक म्हणत होते, बाई साधी होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. महिना उलटून गेला तरी ते बोलणं मला पचलेलं नाही. साधी? आमची शालन?...

सत्तरच्या दशकात कडेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नववीत मुलांना बीजगणित आणि त्याच तासाला मुलींना शिवण. शालनला बीजगणित हवं होतं. एकदा अंकगणिताच्या तासाला सरांनी फळ्यावर ओळीनं अकरा एक लिहिले... अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. म्हणाले, ही मूळ संख्या, हिला कशानंच भाग जात नाही. शालन उभी राहिली. "सर, तुमी भागून बगितलंय का?" सर हसले आणि म्हणाले, तूच फोडून दाखव, मग बस माझ्या बीजगणिताला.

तिनं ते खरं धरलं. दोन, तीन, पाचचे पट गाळले. शेवटी एक किंवा तीन असलेले भाजक तिचे, सात किंवा नऊ असलेले माझे. भागाकार पाटीवर करायचा आणि वहीत फक्त बाकी लिहायची. स्वतःचा प्रत्येक भागाकार ती दोनदा करायची. मी एकदा केला तरी खूप. वीस हजार ओलांडल्यावर मला त्या आकड्याचा वीट आला. एका दुपारी यात्रेला जायच्या घाईत मी सलग दहा बाक्या मनानंच लिहून टाकल्या. पुढं आम्ही तीस हजारांपर्यंत पोचलो आणि वर्ष संपलं. बीजगणित न शिकताच शालन दहावीत गेली.

तिनं हार मानली नाही. सुट्टीत माझी वही मागच्या पानापासून तपासायला घेतली. मी तोंड शिवून बसले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासला तिची बाकी शून्य आली. माझ्या दहा थापांमधली ती शेवटची.

"हितं तू भागलंच न्हाईस, व्हय गं?"

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नगंस. सरांकडं जायाचंय."

फळ्यावर तिनं पूर्ण भागाकार केला. उत्तर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, बाकी काही नाही. इतके दिवस का लागले, असं सरांनी विचारलं. "आमच्याकडनं चुकलं हुतं," एवढंच ती बोलली. आमच्याकडनं! माझं नाव तिनं काढलं नाही. सर म्हणाले, आता तू दहावीत, उशीर झाला. मग ही बया पुन्हा नववीत जाऊन बसली, बीजगणिताच्या तासाला, पहिल्या बाकावर. घरच्यांनी आरडाओरडा केला, गावानं नावं ठेवली. ती उठली नाही. तिचं ते वर्ष माझ्यामुळं गेलं, हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीनं माझी ती वही आणून दिली. शालननं शून्य लिहून तिथंच तपासणी थांबवली होती. त्याच्या आधीच्या नऊ बाक्या अजून माझ्याच होत्या, खोट्या. रोज सकाळी चहा झाला की मी पाटी घेऊन बसते. घरातले म्हणतात, आकडा तर केव्हाच फुटलाय, आता भागून काय मिळणार? काही मिळणार नाही. पाच खऱ्या करून झाल्यात. चार राहिल्यात...