जिन्यावरचा मासा

आता काय सांगू तुम्हाला, बायकोवर संशय घ्यायचाच तर निदान माणसावरून घ्यावा. मी माशावरून घेतला.

मी इथे आखातात, मेसईदच्या खत कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. म्हणजे मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. घरी मिक्सर लावायचा तरी आधी वायर तपासणार.

तर एका संध्याकाळी मृणाल, म्हणजे आमची सौ., पोळ्या लाटता लाटता फोनवर हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती, "तुमचा मासा जिना उतरला, की लगेच मी माझा चंद्र पिशवीतून बाहेर काढते. शनिवारी, पर्लला." मला पाहिलं आणि फोन ठेवला.

"कोण गं?"

"मैत्रीण."

"कसला मासा?"

"असाच."

असाच मासा कधी असतो का? आमच्या घरी बोंबीलसुद्धा शिजत नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये नागपूरच्या वानखेडेला सांगितलं. "कोडवर्ड आहे बावा," तो म्हणाला. "मासा म्हणजे माणूस. चंद्र म्हणजे दागिने. पळून जायचा बेत आहे."

"आणि जिना?"

"जिना तुमचाच."

हसू नका, पण घरी जाऊन आधी दागिन्यांचा डबा उघडला. सगळं जागेवर. मग जिना तपासला, तर एक पायरी ओली. शेजाऱ्यांचा एसी गळत होता, पण तेव्हा ते कोणाला सुचणार?

शनिवारी ती "जरा जाऊन येते" म्हणत कंपनीच्या बसने निघाली, खांद्याला पिशवी. वानखेडेची गाडी घेऊन मी मागे. पर्ल नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीतल्या एका कॅफेत ती शिरली, मागोमाग मीही. लांब टेबलाभोवती कोरियन बायका बसलेल्या, आणि त्यांच्यात एकच पुरुष. उंच, नीटनेटका, मृणालकडे बघून मान डोलावणारा. हाच मासा.

माझा तोल गेला. तिथेच उभा राहून मराठीत ओरडलो, "माझ्या जिन्यावर मासा आलाय! पायरी ओली आहे. चंद्र अजून डब्यात आहे, मी तपासलाय. पण तू निघून गेलीस तर मी रोज रात्री कोणासाठी गॅस बंद आहे का ते बघू?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या पाक आडनावाच्या म्हाताऱ्या कोरियन बाईंनी मृणालकडे पाहिलं. तिने एक शब्द न गाळता सगळं इंग्रजीत सांगितलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. पाकबाईंनी तर डोळे पुसले.

"खाली बस," मृणाल म्हणाली. "हे आधुनिक कोरियन कवितेचं मंडळ आहे. या कवितेत स्वप्नातल्यासारखं काहीही घडतं आणि तरी ऐकताना गळा दाटून येतो. आज आधी पाकबाईंची जिना उतरणाऱ्या माशाची कविता होती, मग मी मराठीत आणलेली चंद्राची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कवितेचीही वायर तपासली असतीस."

तो पुरुष कॅफेचा मॅनेजर होता. ऑर्डर घेत होता.

माझं ओरडणं कविताच समजून पाकबाईंनी मला तिथल्या तिथे सभासद करून घेतलं. मग काय, मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. पुढच्या शनिवारी आठवडाभर घासूनपुसून केलेली कविता घेऊन गेलो. मासा, जिना, चंद्र, सगळं क्रमाने मांडलं. मासा जिना का उतरला, तेही शेवटी नीट समजावून दिलं.

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. पाकबाईंनी चष्मा काढला आणि त्या प्रेमाने म्हणाल्या, "सेफ्टी रिपोर्ट छान आहे. आज कविता नाही का आणलीत?"