पद्माअक्कांचे फसवे पल्स

दोन इंटरफेरोमीटर, प्रकाशाच्या लहरी ताडून बघणारे. काचेचं फायबर गुंडाळायचं ॲल्युमिनियमचं चाक. तापमान जराही हलू न देणारा डबा, आतून मेणाचा थर दिलेला.

हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कॉलेजचं तोंड न बघता.

यातल्या एकाही वस्तूवर पद्माअक्कांचा विश्वास नव्हता.

अक्का काल गेल्या.

बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या आमच्या छोट्या लॅबच्या त्या मालक. राजाजीनगरचं जुनं मराठी घर, निम्मं बोलणं कन्नड. मी निपाणीचा, टीव्ही दुरुस्त करत करत फायबर जोडायला शिकलेला.

काम काय ते नीट सांगतो, लोक चुकीचं सांगतात. गुप्त किल्ली प्रकाशाच्या पल्समधून पाठवायची. पल्स पहिल्या क्षणी आला तर शून्य, जरा उशिरा आला तर एक. कधी एकच पल्स दोन्ही क्षणांत वाटलेला. इतके मंद, की बहुतेकांत एक फोटॉनही नसतो. मधे कुणी डोकावलं की चुका वाढतात.

एकदा वाढल्या.

“कोण ऐकतंय रे?”

“कुणी नाही अक्का. शेजारच्या एसीचा हादरा आहे.”

“सरी, ठीक. एसी नंतर. आधी तुझा डबा उघड.”

एसीच होता. नोंद असावी.

खऱ्या पल्समध्ये अक्का फसवेही मिसळायच्या, कमी-जास्त तेजाचे. चोराला कळत नाही कुठला खरा. वाटेत दोन्हींची होणारी गळती जुळली नाही, की समजायचं, आत कुणीतरी आहे.

दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरला एकानं मला कॉफीला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, नोकरी देतो, फक्त डब्याचं ड्रॉइंग घेऊन या.

“ते मेणाचं काम भारी हां तुमचं.”

मेणाचं दोघांनाच माहीत होतं. मला आणि अक्कांना.

नाही म्हणालो आणि तडक लॅब गाठली.

“अक्का, हा माणूस तुम्ही पाठवलेला?”

त्या लिंबाचा भात, चित्रान्न, खात होत्या. “सांगितलं तर फसवा कसला रे?”

त्यानंतरही डबा तपासणं थांबवलं नाही.

आज राजाजीनगरला त्यांच्या घरी गेलो. दारात तोच माणूस लोकांना पाणी देत होता. अक्कांचा भाचा. मला बघून नजर चुकवली.

त्या दिवशी कॉफीचं बिलही मीच भरलं होतं.

या आता तपासायला, अक्का. डबा बंद आहे, ड्रॉइंग लॅबमध्येच आहे.

भाच्यानं तुम्हाला पगाराचा आकडा सांगितला की नाही, मला शंका आहे. म्हणून मी सांगतो. मी तो खरा समजून नाकारला होता.

वर्षाला पंचेचाळीस लाख.