नाटकातली थप्पड

गेल्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मी माझ्या मित्राच्या कानाखाली मारली. मारायचीच होती. संहितेत तसं लिहिलं होतं: मोठा भाऊ धाकट्याला थप्पड मारतो. तालमीत आम्ही ती खोटी बसवली होती. माझा हात त्याच्या गालापासून थोडा लांबून जायचा आणि विंगेत उभी असलेली एक बाई त्याच क्षणी टाळी वाजवायची. प्रयोगात हात लांबून गेला नाही. पूर्ण पंजा त्याच्या डाव्या कानावर बसला. त्या बाईची टाळी मागाहून वाजली, म्हणून पुढच्या रांगेतले लोक हसले. मित्राने पुढची सगळी वाक्यं घेतली, नाटक पुरं केलं, आणि रंग पुसताना म्हणाला की डाव्या कानात शिट्टी वाजतेय.

तो शहराबाहेर मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनियर. मी सरकारी कचेरीत. मंडळाची नाटकं वर्षानुवर्षं तोच बसवतो, कारखान्याच्या बसमधून उतरून थेट तालमीला येतो. धाकट्या भावाचं कामही त्याने स्वतःकडेच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हबीबगंजजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी बारीक नळी कानात घातली आणि समोरच्या स्क्रीनवर त्याच्या कानाचा पडदा दिसू लागला. कुणाच्याही कानाचा पडदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. लसणीच्या सालीइतका पातळ, मोतिया रंगाचा, आणि मागच्या हाडाची सावली दिसावी इतका नितळ. आईची हाक, कारखान्यातली यंत्रं, माझी बडबड, सगळं इतकी वर्षं या नखाएवढ्या त्वचेवर येऊन थडकत होतं आणि तिने ते झेललं होतं. खालच्या बाजूला ती फाटली होती.

डॉक्टर म्हणाले, कान कोरडा ठेवा, बहुधा आपोआप भरेल. परतीच्या वाटेवर मित्र म्हणाला, "माझाच पाय खुणेच्या पुढे पडला असणार."

आमच्या स्टेजवर प्रत्येकाच्या जागी खडूची खूण असते. मी ते तसंच राहू दिलं. मंडळातही सगळ्यांनी तेच धरलं: दिग्दर्शक एक पाऊल पुढे आला, बाकी काय, अपघात.

माझी मुलगी इथेच, या हिंदी मुलखातल्या कॉलेजात, कायदा शिकते. परीक्षेच्या दिवसांत ती जेवताना मोठ्याने अभ्यास करते आणि घरातलाच दाखला देते. जिन्यावर पाणी सांडून कुणी पुसलं नाही आणि शेजारीण घसरली, तर ती लापरवाही. तिथे मनात काय होतं ते कुणी विचारत नाही, शहाण्या माणसाने पुसलं असतं का एवढंच बघतात. पाणी तिला पाडायलाच ओतलं, तर तो इरादा. तिचे हे शब्द हिंदीतले; कायदा ती घरीही हिंदीतच बोलते. मग म्हणाली, त्या दिवशीची थप्पडच घ्या ना. काकांनी थप्पड खायला होकार दिलाच होता, पण खोटी. त्या होकाराबाहेर हात गेला तर कसा गेला ते बघावं लागेल. अंतर चुकलं तर लापरवाही. लागावं म्हणून गेला तर इरादा, मग कान फोडायचा नसला तरीही.

"पण बाबा, हे कळणार कसं? मारणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होतं, ते त्यालाच ठाऊक."

एवढं बोलून तिने आणखी एक पोळी मागितली. हात उचलणं आणि तो लागणं यांच्यामध्ये जी जागा असते, पापणी लवायलाही पुरणार नाही एवढी, तिच्यात शिरून माणसाचं मन तपासणारं शास्त्र आहे आणि माझी मुलगी ते परीक्षेसाठी पाठ करते, याने मी चकित झालो होतो. आणि त्या जागेत काय होतं ते मला माहीत होतं.

शेवटच्या तालमीत त्याने सगळ्यांसमोर माझी टर उडवली होती. "ही सरकारी थप्पड आहे," तो म्हणाला होता, "अर्ज केल्याशिवाय मिळत नाही." सगळे हसले, तालीम बघायला आलेली माझी बायकोही हसली. प्रयोगात ती जागा आली तेव्हा मी एक पाऊल पुढे गेलो. त्याचा कान मला दिसत होता.

काही आठवड्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. स्क्रीनवर पडदा सांधलेला होता. ना टाका, ना ठिगळ. फाटलेल्या कडांनीच नवी त्वचा विणून मधली जागा भरून काढली होती. जोडाची जागा मी शोधत राहिलो. ती सापडेना.

वाटलं, प्रकरण मिटलं. पण यंदा मंडळाच्या बैठकीत मित्राने नाटक बसवायला नकार दिला. म्हणाला, ज्याला स्वतःचं अंतर कळत नाही त्याने दुसऱ्यांना उभं करू नये. आता वय झालं.

रविवारी त्याच्या घरी गेलो. तो मटार सोलत होता.

"तू पुढे आला नव्हतास," मी म्हणालो. "मी आलो होतो. तुझा कान मला दिसत होता."

त्याचे हात थांबले. "मुद्दाम?"

"मारलं मुद्दाम. फोडायचा नव्हता."

शिव्यांसाठी माझी तयारी होती.

"म्हणजे मी खुणेवर होतो?"

"अगदी खुणेवर."

तो उठला. टीपॉय सरकवून खोलीच्या मध्यात उभा राहिला, पाय जुळवले, डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, हो, बरोबर, उजवीकडून दिवा तोंडावर येत होता, खुणेवर असलं की येतो तसा. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्याकडे बघवेना. ज्याने मारलं तो समोर बसला होता, आणि या माणसाला आनंद झाला होता तो आपले पाय चुकले नव्हते याचा.

डोळे उघडल्यावर त्याने मला नालायक म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. मग आत बायकोला हाक मारून सांगितलं, सेक्रेटरींना फोन लाव, नाटक मी बसवतोय.

"आणि तू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "यंदा स्टेजवर येणार नाहीस. प्रॉम्प्टिंगला बस."

मी हो म्हणालो. त्याने मटाराचं ताट माझ्यासमोर सरकवलं आणि स्वतः फोनकडे गेला.