दासगावच्या धक्क्यावरून परत

दुर्गाकाकू गेल्याची तार मी शिकवते त्या शाळेत आली, तेव्हा मी ती दोनदा वाचली आणि तार आणणाऱ्याला विचारलं, "ही नक्की माझीच का?" त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. त्याला काय ठाऊक, की तो प्रश्न माझा नव्हताच, काकूचा होता. कुणाचंही पहिलं सांगणं खरं धरायचं नाही, ही तिची शिकवण. दूधवाली म्हणाली की ताजं आहे, की काकू विचारी, "कधीपासून?" देवापुढचा नारळ ती कानाशी हलवून पाही, मग पुन्हा हलवून पाही, आणि तरी फोडताना तोंडावर 'बघू या' असा भाव. वैद्यानं पुडी दिली तर अर्धी आधी त्यालाच खायला लावायची तिची तयारी असे. भोरच्या आमच्या आळीत तिला मागून 'फौजदार' म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, कारण तिला तसा संशय होता. तिला जाऊन आता दीड महिना होईल… आणि अजून कुणी काही सांगितलं की मी आधी तिच्या तोंडाकडे बघायला मान वळवते.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका बिजवर होते, वयानं तिच्या दुप्पट. मी जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले, तेव्हा काकू जेमतेम सतरा वर्षांची. तेव्हापासून लाल अलवण, एकवेळचं जेवण आणि स्वयंपाकघराच्या मागची अंधारी खोली. माझे वडील, म्हणजे दादा, तेव्हा लहान होते. त्यांना तिनंच न्हाऊमाखू घालून मोठं केलं. त्यामुळे संस्थानच्या कचेरीत अवलकारकून झाल्यावरही दादा तिच्यासमोर बिचकून असत. आई तर जात्याच भिडस्त. घरात मी एकटीच मुलगी, इंग्रजी चौथीत शिकणारी, आणि पुढं मॅट्रिक व्हायचंच असं डोक्यात घेतलेली.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि दादांचे मामेभाऊ नाना मुंबईहून आले. नाना म्हणजे मोठा आवाज, मोठं हसणं आणि खिशात कायम चांदीची सुपारीची डबी. ओसरीवर बसून म्हणाले, "अरे, नीरेच्या पलीकडं तुम्ही पाणी बघितलं नाहीत. चला, सगळ्यांना आगबोटीनं हिंडवून आणतो. बांकोटला चढायचं, दाभोळ, रत्नागिरी, मालवण करत थेट पणजीपर्यंत जायचं आणि तसंच परत. तिकिटं माझ्याकडं लागली." आई हरखली, दादा मान खाली घालून हसले. काकू दारामागून एवढंच म्हणाली, "फुकट समुद्र कोण दाखवतं हो?" पण त्याच दुपारी तिनं एक बाटली राखेनं घासून उन्हात वाळत ठेवली. समुद्राचं पाणी आणायला. मग तिच्या चौकशा सुरू झाल्या. समुद्राला पलीकडचा काठ नसतो म्हणतात, ते कुणी जाऊन पाहिलंय का? नसेल पाहिलं तर कशावरून म्हणतात? लाट येते ती तेवढंच पाणी परत नेते की थोडं ठेवते? माझ्या भूगोलाच्या पुस्तकातलं तिला काही पटत नव्हतं, पण ती रोज विचारत होती. एवढी वर्षं तिला ओळखत असूनही, तिला कशाची हौस वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दादा पंचांगावर चालणारे. निघायचा मुहूर्त काढला, आणि नेमकं त्या दिवशी पहाटेपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळू लागलं. ऐन कार्तिकात! वरंध घाटातून महाडला जाणारी सर्व्हिसची मोटार काही निघेना. ड्रायव्हर किकवीचा होता, डोक्यावर पोतं घेऊन सांगायला आला, "काकू, घाटात दरड पडलीया. आज न्हाई जायाचं."

"तू पाहिलीस दरड?" काकूनं विचारलं.

"म्या न्हाई पायली, पर गाडीवानं बोलत व्हती."

"त्या गाडीवानांनी पाहिली?"

"आवो, आता दरडीला काय इचारायचं, पडलीस का म्हून?" असं म्हणून तो हसत निघून गेला, आणि काकू घाटाच्या दिशेला बघत बराच वेळ दारात उभी राहिली. मुहूर्त तर चुकवायचा नव्हता. म्हणून दादांनी प्रस्थान ठेवलं. वेळेवर निघणं जमत नसेल तर प्रवासाला निघालेल्या माणसाच्या नावानं तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून त्या घटकेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात, आणि पाऊस उघडला की ते घेऊन पुढं जायचं. आमचं प्रस्थान दोन घरं सोडून राहणाऱ्या जोशीबुवांकडे ठेवलं. सगळे हसत होते, एक नाना सोडून. ते येरझाऱ्या घालत होते.

दरड निघाली आणि आम्ही महाडवरून दासगावला पोचलो. तिथून खाडीनं लाँच बांकोटला नेते आणि बांकोटला समुद्रातली मोठी बोट मिळते. पण वादळाचा बावटा चढला होता. समुद्र खवळला आहे, बोटी बंद, बावटा उतरेपर्यंत लाँच हलायची नाही, असं धक्क्यावरच्या शिपायानं सांगितलं. आम्ही जवळच्या धर्मशाळेत उतरलो. पहिली रात्र गमतीत गेली. दुसऱ्या दिवशी नाना धक्क्यावर पाच-सहा वेळा जाऊन आले आणि दादांना म्हणाले, "मंगळवारपर्यंत रत्नागिरीला पोचायलाच हवं रे." काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. नाना बाहेर गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "हिंडायला निघालेल्या माणसाला कसला आलाय मंगळवार?"

मग तिचं लक्ष नानांवरून हटलंच नाही, आणि माझंही. नाना मला उन्हात जाऊ नको म्हणाले. डोक्याला तेल लाव म्हणाले. मुंबईहून बांगड्या पाठवतो म्हणून त्यांनी सुतानं माझ्या मनगटाचं माप घेतलं आणि ते सूत गाठ मारून डबीत ठेवलं. आईला विचारलं तर ती चुलीत फुंकर घालत राहिली. ज्या माणसांच्या हातचं मी जेवत होते, त्यांच्या डोळ्यांत बघायची मला भीती वाटू लागली. संध्याकाळी सगळे बसलेले असताना काकू दादांना अगदी सहज म्हणाली, "सुमीला कडक मंगळ आहे, नाही का हो भाऊजी? त्यामुळे पुढं जड जाणार बाई." नाना ताडकन म्हणाले, "मंगळ कुठला? पत्रिका बघूनच तर त्यांनी होकार…" आणि तिथंच थांबले. धर्मशाळेच्या कौलांवर पाऊस वाजत होता.

मग सगळं बाहेर आलं. रत्नागिरीत नानांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, बागायतदार, चाळिशी ओलांडलेले, पहिली बायको गेलेली, तीन मुलं. मंगळवारी मला दाखवायचं आणि पसंती झाली की तिथंच आठवड्यात उरकायचं. घरी सांगितलं असतं तर मी रडून गोंधळ घातला असता, म्हणून ही बोटीची सहल. दादांना माहीत होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर मोठं आहे, वहिनी. खायला-प्यायला कमी नाही. आणि मी तरी किती दिवस पुरणार?" चाळिशीचा बिजवर… काकूच्या तोंडावर मला काहीच वाचता आलं नाही. ती उठली आणि हात धुवायला गेली. मला वाटलं होतं, ती भांडेल. ती भांडली नाही. तेव्हा मला तिचाही संशय आला. आता मागं वळून पाहताना कळतं, भांडून उपयोग नव्हता. लग्नाच्या गोष्टीत विधवेनं तोंड उघडणं हाच अपशकुन, आणि नाना ते लगेच बोलून दाखवणार होते.

तिसरी रात्र उलटली आणि सकाळी बावटा उतरला. लख्ख ऊन पडलं. लाँचनं शिटी दिली. नानांनी ट्रंक खलाशाच्या डोक्यावर दिली, आई फळीवर पाय ठेवणार, एवढ्यात काकू मागून म्हणाली, "भाऊजी, चढता येणार नाही."

"का?"

"प्रस्थान ठेवून निघालेलं माणूस वाटेत एका ठिकाणी तीन रात्री अडकलं, की प्रस्थान मोडतं. पुन्हा घरी जाऊन, उंबरा ओलांडून, नव्यानं मुहूर्त बघायचा. नाहीतर कार्याला निघालेल्याचं कार्य फिरतं."

नाना ओरडले, "कुठल्या पोथीत आहे हे?"

"मामंजी सांगायचे," काकू म्हणाली. मामंजी म्हणजे दादांचे वडील. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि त्यांचा शब्द खोटा म्हणायची दादांची छाती नव्हती. नानांनी हात जोडले, समजावलं, शेवटी चिडून नको ते बोलले. काकू चिखलात उभी होती, अलवणाचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून दातांत धरून. मध्येच तिनं त्या खलाशाला विचारलं, "समुद्र इथून दिसतो का रे बाबा?" तो म्हणाला, "न्हाय आजी, त्या वळणापल्याड बांकोट, मंग समुद्र." तिनं त्या वळणाकडे पाहिलं. मग दादा म्हणाले, "ट्रंक खाली घे." नाना एकटेच लाँचवर चढले.

आम्ही भोरला परतलो. पुढचा मुहूर्त काढेपर्यंत रत्नागिरीकरांनी दुसरी मुलगी पाहिली होती. मी मॅट्रिक झाले, पुण्याला जाऊन शिकले, मुंबईत शिक्षिका झाले. काकूनं त्या सकाळबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मी विचारलं की म्हणे, "शास्त्र ते शास्त्र. त्यात काय विचारायचं?" जिनं आयुष्यात काहीही न विचारता मानलं नाही, तिनं असं म्हणावं, इथंच माझ्या मनात पाल चुकचुकायची. आणि दादांबद्दल तर मला अजून उलगडा झालेला नाही. त्यांना ते शास्त्र खरं वाटलं, की त्यांनाही कुणीतरी अडवायलाच हवं होतं? ते गेले, आता कुणाला विचारणार?

काकूच्या तेराव्याला भोरला गेले होते. सगळं आटोपल्यावर जोशीबुवा ओसरीवर टेकले, तेव्हा मी त्यांना विचारलं, की तीन रात्रींत प्रस्थान मोडतं हे कुठं लिहिलंय. बुवा माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "कुठंही नाही. पण हे विचारणारी तू दुसरी. पहिली तीच. दासगावहून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली होती. म्हणाली, मी शास्त्राच्या नावानं खोटं बोलले, तेही मामंजींच्या तोंडी घालून. प्रायश्चित्त सांगा. मी म्हटलं, काशीला गेलेली माणसं आवडतं एखादं फळ सोडतात, तसं काहीतरी सोडा. तर म्हणते कशी, बुवा, सोडायला माझ्याकडं उरलंय काय? आवडीचं खाणं गेलं, ल्यायचं गेलं, केससुद्धा गेले." बुवा पुढं म्हणाले, "मग बराच विचार करून म्हणाली, समुद्र पाहायची इच्छा तेवढी आहे. ती सोडते."

मला रडू आलं, आणि तिचा रागही आला. माझ्या आयुष्याची किंमत तिनं परस्पर भरली होती आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी तर काकू माझ्याकडे मुंबईला येऊन राहिली होती! डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणाली, म्हणून मीच तिला आणलं. माझी खोली चौपाटीजवळच्या गल्लीत आहे, आणि गॅलरीतून दोन इमारतींच्या मधून समुद्र दिसतो. काकू एकदाही गॅलरीत आली नाही. चौपाटीवर नेते म्हटलं तर, "त्या पाण्याचा काय भरवसा" म्हणून तिनं झटकून टाकलं. ती रोज संध्याकाळी गॅलरीच्या दाराशी पाठ करून बसायची, मांडीवर तांदळाचं ताट घेऊन, आणि मला विचारायची, "आज कसा आहे गं?" मी सांगायची, पाणी वर आलंय, फेस पांढरा आहे, एक शिडाचं गलबत चाललंय. "पलीकडचा काठ?" नाही दिसत, काकू. "हं," असं म्हणून ती पुढचा तांदूळ निवडायची. मला वाटायचं, म्हातारीला समुद्राची भीती वाटते, आणि मी तिला त्यावरून चिडवायचीसुद्धा. डॉक्टरांनी तर तिचे डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं होतं. तरी ती पुढं पंधरा दिवस राहिली.

भोरहून आल्यावर परवा मी तिच्यासारखीच दाराशी समुद्राकडे पाठ करून बसून पाहिलं. भरतीची वेळ होती. गल्लीतला गलबला थोडा ओसरला आणि पाठीमागून लाट ऐकू आली. आधी वाळूवरून मागं सरकणारा लांब आवाज, मग थोडी शांतता… मग फुटण्याचा. तिथं जराही मान न वळवता सगळं ऐकू येतं. धडधाकट डोळे दाखवायला ती मुंबईपर्यंत का आली होती, याबद्दल मला आता दाट संशय आहे. पाहणं तिनं सोडलं होतं. ऐकण्याबद्दल ती जोशीबुवांकडे काही बोलली नव्हती.